हळद सोडा

प्रतिभानं आयुष्यात पहिल्यांदा सासूला आजारी पाडलं, तेही ऐन लग्नसराईत. भारती मॅडमला तिनं फोनवर सांगितलं की सासूबाईंना डोळ्यांनी दिसेनासं झालंय, खंडव्याला दाखवायला न्यायचंय, शुक्रवारी सुट्टी पाहिजे. हे बोलणं चाललं होतं तेव्हा सासूबाई गच्चीवर पापड वाळत घालत होत्या आणि चार घरं पलीकडच्या गच्चीवर कोणाची सून किती वाजता कपडे वाळत घालते, ते बिनचष्म्यानं टिपत होत्या.

शुक्रवारी सकाळी साडेसातला प्रतिभानं मेकअपची मोठी पेटी रिक्षात चढवली. रिक्षा खंडव्याकडे गेली नाही. जसोंडीकडे गेली.

आता खोटं बोलायची पाळी का आली ते ऐका. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या रस्त्यावर भारती मॅडमचं पार्लर आहे, पहिल्या मजल्यावर, जिन्यालाही एसीची हवा लागते असं. तिथं प्रतिभा आठ वर्षं उभी होती. उभी म्हणजे खरंच उभी. सकाळी दहाला उभी राहिली की रात्री नऊ वाजेपर्यंत. आयब्रोचा दोरा दातांत धरून धरून तिच्या पुढच्या दाताला बारीक खाच पडली होती, मान एका अंगाला कलली होती. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत कामाच्या बाईनं बसायचं नाही, हा तिथला नियम. कोपऱ्यात एक स्टूल होतं, त्यावर टॉवेलांची चळत बसलेली असायची. डबा खायचा तो वॅक्सच्या वासात, भिंतीला टेकून. नवरीचा मेकअप प्रतिभा करायची, आणि फोटोची वेळ आली की मॅडम येऊन तिच्या हातातला ब्रश घ्यायच्या, नवरीच्या गालाशी धरायच्या आणि हसायच्या. बुऱ्हाणपुरात अर्ध्या नवरीमुलींच्या गालाशी मॅडमचा ब्रश आहे. प्रतिभा एकाही फोटोत नाही. एकात कोपर दिसतं, तेही ओळखीच्यांनाच कळतं.

हे सगळं ती चालवून घेत होती. पण गेल्या दिवाळीनंतर इंदूरहून कोर्स करून आलेल्या दोन पोरी मॅडमनी पुढं बसवल्या आणि प्रतिभाला सांगितलं, "तुम अब पीछे का देख लो, वॅक्सिंग, पेडिक्योर. इस लाइन में सामने वाले का चेहरा भी दिखता है ना." प्रतिभा छत्तीस वर्षांची. आरशात तिनं चेहरा पाहिला. चांगला होता. पण या धंद्यात छत्तिसाव्या वर्षी बाई पडद्यामागं जाते आणि मग दुसऱ्यांचे पाय धुण्यातच तिची उरलेली वर्षं जातात, हे तिनं दोघींच्या बाबतीत पाहिलेलं होतं. आपल्या नावाचं काम धरायचं तर आत्ताच. आणि मॅडमचा दुसरा नियम असा, की सीझनमध्ये बाहेरचं काम घेतलं तर कुर्सी खाली. ज्या खुर्चीवर आठ वर्षांत बसू दिलं नाही, ती खुर्ची जायची धमकी.

स्नेहल ही जसोंडीच्या गिरधर पाटलांची मुलगी, केळीवाल्यांची. कॉलेजात असताना दर पंधरा दिवसांनी आयब्रोला यायची. एकदा मॅडम फोनवर आहेत असं बघून तिनं आरशातूनच प्रतिभाकडे पाहिलं आणि ओठ न हलवता म्हणाली, "ताई, माझ्या लग्नाला तुम्ही या. पार्लर नको. तुम्ही."

असं हे पहिलं काम. जसोंडी, बहादरपूर आणि आजूबाजूच्या गावांतली घरं एकमेकांत दिली-घेतलेली, म्हणजे एका मांडवात सातशे बायका आणि सातशे बायकांच्या घरात कुठं ना कुठं लग्नाची मुलगी. स्नेहल उजळून निघाली तर प्रतिभाच्या घरच्या पुढच्या खोलीत आरसा लागणार होता. बिघडलं तर त्याच सातशे बायका सांगत सुटणार होत्या, आणि शनवाऱ्याची खुर्चीही गेलेली असणार होती. मधलं काही नव्हतं.

रिक्षा मांडवापाशी थांबली तेव्हा सव्वाआठ झाले होते. मुहूर्त अकरा चाळीसचा. ओट्यावर बायका होत्या, पण कोणी "या" म्हणेना. नुसत्या बघू लागल्या. एक हसत होती, तिनंही तोंड मिटलं. दारात धुरपदाबाई उभ्या होत्या. या स्नेहलच्या आत्या, गिरधर पाटलांच्या थोरल्या बहीण, बहादरपूरच्या. त्यांना आचारी घाबरतो, भटजी घाबरतात, आणि गिरधर पाटील तर लहानपणापासून घाबरतात.

"आली का," धुरपदाबाई म्हणाल्या. "ये. ये आत, बघ काय करून ठेवलं तू."

आतल्या खोलीत कूलर घरघरत होता. पलंगावर स्नेहल बसली होती, डोक्यावरून ओढणी. शेजारी तिची आई शांताबाई, पदराचं टोक दातांत धरून. भिंतीशी नात्यातल्या चार बायका. प्रतिभानं ओढणी उचलली.

कपाळापासून गळ्यापर्यंत स्नेहल लाल होती. लाजेनं होतात तशी लाल नाही. मिरचीच्या भुकटीत तोंड बुडवून काढावं तशी लाल, नाकाच्या कडेला गडद, भुवयांच्या आत केशरी. डोळे तेवढे पांढरे, आणि त्यांत पाणी.

"ताई," ती म्हणाली, "मेरा चेहरा जल गया क्या? खरं सांगा."

प्रतिभानं पेटी खाली ठेवली. ठेवली म्हणजे हातातून सुटली.

पहिला विचार तिला आला तो त्या क्रीमचा. चार दिवसांपूर्वी घरी बोलावून तिनं स्नेहलचं फेशियल केलं होतं आणि एक ट्यूब दिली होती, रोज झोपताना लाव म्हणून. नवीन क्रीम कानामागं थोडं लावायचं आणि एक दिवस थांबून बघायचं, हे ती प्रत्येकीला सांगायची. मॅडमच्या पार्लरमध्ये ते कोणी करत नसे. प्रतिभा न चुकता करायची. आणि स्नेहलच्या वेळी, आपलं स्वतःचं पहिलं काम या खुशीत, विसरली होती. चार दिवस ती गोष्ट तिच्या मनात आलीच नव्हती. आत्ता आली आणि कानशिलं गरम झाली.

"मले पहिल्यापासूनच पटेल नव्हतं," धुरपदाबाई म्हणाल्या. त्या दारातून हलल्या नव्हत्या, त्यामुळे प्रतिभाला बाहेर जायचं म्हटलं तरी जाता आलं नसतं. "मी म्हटलं होतं, मोठ्या दुकानातून मोठी बाई आणा. तर नाही, पोरीचा हट्ट. शांता, ते कार्ड कुठी आहे? त्या मॅडमचं. फोन लाव तिले. तिचीच बाई आहे ना ही, तिनंच येऊन निस्तरावं."

शांताबाईंनी पर्समधून कार्ड काढलं. भारती मॅडमचं, गुलाबी, सोनेरी अक्षरांचं. जसोंडीला यायला मॅडमच्या गाडीला अर्धा तास पुरला असता. मॅडम आल्या असत्या, स्नेहलचा चेहरा बघून च्च केलं असतं, प्रतिभाकडे पाहिलंही नसतं, आणि सातशे बायकांसमोर उभं राहून म्हणाल्या असत्या की म्हणूनच आम्ही कामाच्या बायकांना एकटं पाठवत नाही.

"काकू," प्रतिभा शांताबाईंना म्हणाली, "दहा मिनिटं द्या. दहा मिनिटांनी मी स्वतः नंबर लावून देते."

"साडेनऊले मुलाकडच्या बायका साडी घेऊन येऊ राहिल्या," धुरपदाबाई म्हणाल्या. "दहा मिनिटांत काय नवीन तोंड आणते का तू?"

शांताबाईंचा अंगठा फोनवर तसाच थांबला. खाली आला नाही, पण मागंही गेला नाही.

प्रतिभानं हात धुतले. स्नेहलच्या समोर बसली. आठ वर्षांत किती प्रकारचे लाल चेहरे पाहिले होते. वॅक्सचे, ब्लीचचे, उन्हाचे, सासूशी भांडून आलेल्यांचे. तिनं तर्जनी स्नेहलच्या गालावर ठेवली, दाबली, मनात पाच मोजले आणि उचलली. कातडीला इजा होऊन लाली आली असेल तर दाबल्यावर तिथं पांढरा ठिपका पडतो आणि मग हळूहळू लाल भरतं, कारण ती लाली आतल्या रक्ताची असते.

ठिपका पडला नाही. गाल तसाच लाल.

तिनं कपाळावर दाबलं. लाल. नाकावर, हनुवटीवर. लाल, लाल. डाव्या कानाखाली, जबड्याच्या कडेला दाबलं तेव्हा मात्र स्नेहल "स्स" म्हणाली आणि तिथं रुपयाएवढा पांढरा डाग पडून परत भरला. तेवढी जागा खरीच दुखावली होती. बाकी चेहरा दुखावलेला नव्हता. रंगलेला होता.

"जळजळ होते का गं?"

"नाही. फक्त तिथं कानाजवळ. बाकी फक्त दिसतंय."

"सकाळी तोंडाला काय लावलं?"

उत्तर दारातून आलं. "काय लावणार? तू सांगितलं तेच लावलं."

"मी काय सांगितलं, आत्याबाई?"

धुरपदाबाईंनी खोलीतल्या सगळ्यांकडे एकेकीकडे पाहिलं, जशी साक्षीदारांची हजेरी घ्यावी. "बघा. आता ही कानावर हात ठेवू राहिली. आण व शांता तो फोन. ऐकव तिले तिचाच आवाज."

गोष्ट अशी झाली होती. आदल्या दिवशी दुपारी प्रतिभानं स्नेहलच्या फोनवर आवाजी निरोप पाठवला होता. स्नेहलच्या दोन्ही हातांना ओली मेंदी, म्हणून फोन लावून ऐकला तो धुरपदाबाईंनी. आता तो परत लागला. कूलरच्या घरघरीत प्रतिभाचाच आवाज, पार्लरच्या बाथरूममधून चोरून बोललेला, घाईचा:

"स्नेहल, आत्याबाईंना सांग हं. तोंडाला हळद सोडा. बाकी अंगाला कितीही लावा."

"ऐकलं?" धुरपदाबाई म्हणाल्या. "तोंडाले हळद-सोडा. अंगाले नुसती. आज सकाळी नहाणाआधी वाटीभर हळदीत दोन चमचे खायचा सोडा टाकला मी, मापून. मले वाटलं, नवीन काहीतरी असेल शहरातलं. मग निघता निघेना, म्हणून साबणानं घासलं. जसं घासलं तसं लाल."



प्रतिभाचं माहेर कागदाच्या कारखान्यातल्या क्वार्टरांमधलं. घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत हिंदी, आणि पार्लरमध्ये तर मराठीला जिन्यातच चपला काढायला लागतात. तिच्या डोक्यात होतं 'मुँह पे हल्दी छोड़ दो' आणि तोंडातून तेच मराठीत आलं. तोंडाला हळद लावू नका, मेकअप बसत नाही, एवढंच सांगायचं होतं. ती सोडा म्हणाली, आणि धुरपदाबाईंनी सोडा घातला.

"परत लाव," मागून कोणीतरी म्हणालं. परत लावलं. ऐकायला बसलेल्या चार बायकांचे तिथल्या तिथं दोन पक्ष झाले. दोघींना ऐकू आलं की बाई सोड म्हणते आहे; दोघींना ऐकू आलं की बाई सोडा घाल म्हणते आहे. तिसऱ्यांदा लावल्यावर एकीनं पक्ष बदलला.

प्रतिभाच्या छातीवरून ट्यूबचं ओझं उतरलं, पण आनंद करायला सवड नव्हती. ती काय म्हणाली होती हे आता कोर्टात गेलं असतं तरी ठरलं नसतं. आत्याबाईंची चूक आहे असं म्हणावं, तर ज्या बाईच्या शब्दावर बहादरपूर चालतं तिला भाचीच्या लग्नात खोटं पाडावं लागणार. माझी चूक आहे म्हणावं, तर तिच्या नावाची पाटी लागायच्या आधीच उतरणार. आणि भिंतीवरचं घड्याळ आठ चाळीस दाखवत होतं.

ती दोन्हींपैकी काहीच म्हणाली नाही. म्हणाली, "थोडी हळद आणा. तोच सोडा, तोच साबण. आणि वाटीभर आंबट ताक."

हळद, सोडा आणि साबण आले. तिनं स्वतःच्या मनगटावर हळद लावली, वर सोडा घासला, साबणाचा हात फिरवला. पिवळं होतं ते बघता बघता लाल झालं, स्नेहलच्या गालासारखंच.

"आत्याबाई, कुंकू कसं बनवतात हो?" तिनं विचारलं. टोमणा मारायचा नव्हता, पण धुरपदाबाईंना तो टोमणाच वाटला.

"मले शिकवू नको. माझ्या सासरी घरी कुंकू करत होते. माझी सासू हळदच घ्यायची, तिच्यात लिंबू आणि टाकणखार टाकून खलायची, मग ती हळद लाल..."

आणि धुरपदाबाई थांबल्या. वाक्याच्या मध्ये. गावात असं म्हणतात की त्या याआधी वाक्याच्या मध्ये थांबल्या त्याला वीस वर्षं झाली, आणि तेव्हा त्यांना ठसका लागला होता.

शांताबाई ताक घेऊन आल्या. प्रतिभानं वाटी उचलली, बोट बुडवलं, स्नेहलच्या गालाकडे नेलं, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, आधी जिभेला लावलं.

तिखट. ते जेवणावळीचं मठ्ठ्याचं ताक होतं, आचाऱ्यानं पहाटेच हिरवी मिरची आणि आलं वाटून घातलेलं. स्नेहलच्या गालावर, त्या कानाखालच्या कच्च्या जागेवर हे ताक गेलं असतं तर? आत्तापर्यंतचा लाल रंग खोटा होता, पुढचा खरा झाला असता. प्रतिभानं वाटी हळूच खाली ठेवली.

"साधं नाही का?"

"घरातलं सगळं दही मठ्ठ्यात गेलं," शांताबाई रडवेल्या झाल्या. "सातशे माणूस आहे बाई."

आठ बावन्न.

दार मोकळं झालं. धुरपदाबाई तिथून निघाल्या होत्या. कुठं गेल्या ते कोणाला कळलं नाही. नऊवारीचा काठ उचलून मांडवाच्या मागून भराभर गेल्या एवढं एकीनं पाहिलं. नऊच्या ठोक्याला त्या परत आल्या, हातात पितळी लोटा, लोट्यात जाड आंबट दही. ज्या घराशी पाटलांचं बांधावरून बोलणं बंद आहे, त्या घराचं नाव लोट्यावर कोरलेलं होतं. तो लोटा त्यांनी नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवला.

"चाखून घे," त्या प्रतिभाला म्हणाल्या.

प्रतिभानं चाखलं. मग मनगटावर लावलं. आंबट लागलं तसा लाल डाग केशरी झाला, केशरीचा पिवळा. चार बायका पुढं वाकल्या होत्या. त्यातल्या एकीच्या बांगड्या किणकिणल्या तेवढाच आवाज. मग तिनं पाण्यात फेटलेलं दही कापसावर घेऊन स्नेहलच्या उजव्या गालावर, पावलीएवढ्या जागेत लावलं.

"डोळे मिट."

"लागेल का?"

"लागलं तर हात धर माझा."

स्नेहलनं आधीच धरला होता. मेंदीचा हात, नखं रुतली. प्रतिभा पाहत राहिली. लाल. अजून लाल. कूलरची हवा अंगावर येत होती आणि तरी तिच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. मग कडेनं, जिथं थर पातळ होता तिथून, लाल पिवळ्यात विरघळायला लागलं.

शांताबाईंनी फोन पर्समध्ये टाकला.

एक गाल, दुसरा गाल, कपाळ. भुवयांमधली हळद खोबरेल तेलाच्या कापसानं एकेक केस धरून काढावी लागली. कानाखालच्या जागेवर तिनं दही लावलंच नाही, थंड पाण्यात पिळलेला रुमाल ठेवला आणि स्नेहलला स्पष्ट सांगितलं, "इथं खरंच सोललंय. इथं मी जाड थर देणार नाही, दिसलं तर थोडं दिसेल. झाकायला गेले तर चिघळेल. चालेल?"

"लोग क्या देखेंगे, कान के नीचे?" स्नेहल म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज तिचा होता.

साडेनऊला दाराशी बांगड्या वाजल्या. मुलाकडच्या बायका साडी घेऊन आल्या होत्या, पुढं वरमाय. आत स्नेहल अर्धी पिवळी, अर्धी पुसलेली, एका भुवईवर तेल. हनुवटीवर अजून लाल पट्टा. प्रतिभाचा कापूस हातातच राहिला.

"नवरीले बघू तर द्या," बाहेरून आवाज आला. "आणि बायका काय म्हणू राहिल्या? तोंडाले काही झालं म्हणे?"

दारात धुरपदाबाई. त्या आता काय बोलणार यावर सगळं होतं. 'पार्लरवालीनं बिघडवलं' एवढे दोन शब्द पुरे होते. ते त्यांच्या तोंडात सकाळपासून तयारच होते, आणि ते बोलल्या असत्या तर सोडा कोणी घातला हा प्रश्न या गावात कोणी पुन्हा काढला नसता. प्रतिभा त्यांच्या पाठीकडे बघत होती. पाठ जरा हलली.

"काय व्हायचं? हळद उतरवणं चालू आहे," धुरपदाबाई म्हणाल्या. "आमच्या पोरीले हळद चढते जरा जास्त. साडी द्या इकडं. तुम्ही उन्हातून आल्या, चहा घ्या, मठ्ठा घ्या. मठ्ठा चांगला तिखट आहे."

आणि दार लावून घेतलं. आतून.

पुढचा दीड तास प्रतिभानं मान वर केली नाही. पिवळेपणा मारायला जांभळट करेक्टर, बोटाच्या टोकानं, जेमतेम. त्यावर नेहमीच्या एका जाड थराऐवजी तीन पातळ, प्रत्येक थर कूलरसमोर वाळवून. दहाच्या सुमारास लाइट गेली; तिनं पलंग ओढून खिडकीशी नेला आणि उजेडात काम चालू ठेवलं. वैशाखाचं ऊन, पत्र्याचं छत, आणि धुरपदाबाई शेजारी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. मध्येच एकदा म्हणाल्या, "डोळ्यांच्या खाली जरा कमी." प्रतिभानं बघितलं. खरंच जास्त झालं होतं. कमी केलं.

अकरा चाळीसला अंतरपाट धरला गेला. प्रतिभा बायकांच्या मागं, मांडवाच्या खांबाला धरून उभी. अक्षतांकडे तिचं लक्ष नव्हतं, मंगलाष्टकांकडे नव्हतं. ती फक्त स्नेहलच्या वरच्या ओठाकडे बघत होती, कारण घामानं मेकअप फुटतो तो आधी तिथं. अंतरपाट खाली आला. ओठ कोरडा. कानाखाली एक हलकी लाली, मोत्यांच्या झुबक्याखाली, दिसली तर दिसावी एवढी. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "पोरगी कशी आतून उजळली." आतून किती आणि बाहेरून किती ते प्रतिभाला माहीत होतं. तिचे पाय तेव्हा दुखायला लागले.

दीड वाजता फोन वाजला. मधल्या वेळात स्नेहलच्या मैत्रिणीनं व्हॉट्सॲपवर फोटो टाकला होता, नवरी आणि शेजारी प्रतिभा, खाली नाव. पहिल्यांदाच अख्खी, कोपरापलीकडची.

"प्रतिभा," भारती मॅडमचा आवाज साखरेत घोळलेला. "सासूबाई की आँखें कैसी हैं?"

"ठीक हैं, मॅडम."

"जसोंडी में आँखों का कौन सा डॉक्टर है, मुझे भी बताना."

प्रतिभानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कल से मत आना. ॲप्रन भिजवा देना, धुला हुआ."

तिनं फोन ठेवला. पेटी आवरली, ब्रश पुसून एकेक कप्प्यात ठेवले. धुरपदाबाई निरोप द्यायला आल्या त्या तक्रार घेऊनच आल्या. "एक सांगते. मी सगळ्यांले हेच सांगणार, की तू सोडा म्हटलं होतं. म्हटलं तर म्हटलं. मी खोटं बोलत नई."

"म्हटलं होतं, आत्याबाई," प्रतिभा म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

त्यानंतरचे अठरा दिवस सगळ्यांत वाईट गेले. पुढच्या खोलीत आरसा लागला. तिचा नवरा जितेंद्र कारखान्यातून येताना रोज नव्या खुर्चीकडे बघायचा आणि काही न विचारता चहा मागायचा. विचारलं असतं तर बरं, असं तिला वाटायचं. सासूबाई गच्चीवरून खबर आणायच्या, आणि खबर ही, की धुरपदाबाईंनी शब्द पाळला होता. बहादरपूरच्या प्रत्येक हळदीला, प्रत्येक बारशाला त्या ती गोष्ट सांगत होत्या, वाटी, चमचे, मापासकट. अख्ख्या पट्ट्यात प्रतिभाचं नाव झालं होतं, आणि ते नाव प्रतिभा नव्हतं. शनवाऱ्याला म्हणे मॅडमही ते नाव घेऊन हसत होत्या. लग्नाच्या तिथी एकेक करून चालल्या होत्या आणि फोन गप्प.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी अनोळखी नंबर आला.

"हॅलो, हळद-सोडावाल्या ताई तुम्हीच का?"

प्रतिभानं आरशात पाहिलं. नाही म्हणून ठेवून देता आलं असतं. पाटी रंगवायला दिलेली होती, तिच्यावर तिचं नाव चांगल्या वळणदार अक्षरात यायचं होतं.

"हो," ती म्हणाली. "मीच. बोला."

"बरं झालं बाई, सापडल्या. बहादरपूरच्या धुरपदाआत्यांनी नंबर दिला. त्या म्हणे, दुसरी असती तर पेटी उचलून पळाली असती, ही बसली. माझ्या मुलीचं लग्न आहे, पुढच्या रविवारी. याल ना?"

प्रतिभा नव्या खुर्चीच्या कडेला टेकली, मग नीट बसली.

"येईन. हळद कधी लागणार?"

"शनिवारी. पण एक आधीच सांगते," पलीकडून आवाज जरा खाली आला, "आमच्याकडं आत्या तीन आहेत."

"तिघींचे नंबर द्या," प्रतिभा म्हणाली. "मी एकेकीशी बोलते."